स्क्रीन रेकॉर्डिंगच्या संपादनासाठी ‘शॉटकट’: नवशिक्यांच्या दृष्टीने परीक्षण

संगणकाच्या पडद्यावर जे चालले आहे ते रेकॉर्ड करून आणि त्यावर आपल्या आवाजात समजावून सांगून तयार केलेले व्हिडिओ मराठीत आता सर्रास दिसतात. कोणी टॅलीतील नोंदी शिकवतो, कोणी एक्सेलमध्ये निकालपत्रक कसे तयार करावे ते दाखवतो, तर कोणी सातबारा ऑनलाइन कसा पाहावा हे गावाकडच्या माणसांना समजावून देतो. विषयाची जाण आणि सांगण्याची हातोटी या दोन्ही गोष्टी या मंडळींकडे असतात; घोडे अडते ते संपादनापाशी. मग रेकॉर्डिंग जसेच्या तसे यूट्यूबवर चढवले जाते, आणि संकेतस्थळाचे पान उघडेपर्यंतची शांतता, चुकून उघडलेली भलतीच खिडकी, ‘थांबा हं, पुन्हा दाखवतो’ हे सारे पाहणाऱ्याच्या वाट्याला येते. हे टाळण्यासाठी फार मोठे कौशल्य लागत नाही, पण योग्य साधन लागते. ‘शॉटकट’ हे ते साधन ठरू शकते का, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण मर्यादित आहे.

शॉटकट हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, तयार व्हिडिओवर वॉटरमार्क उमटत नाही आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. डॅन डेनेडी यांनी २०११ मध्ये ते नव्याने लिहायला घेतले आणि तेव्हापासून त्याच्या नव्या आवृत्त्या नियमित येत आहेत. एचडी व्हिडिओसाठी संगणकात ८ जीबी रॅम असणे योग्य. त्याहून कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर सेटिंग्जमधील ‘प्रीव्ह्यू स्केलिंग’ ५४० किंवा ३६० वर आणले की संपादन करताना दिसणारे चित्र थोडे अस्पष्ट होते, पण अडखळत नाही. अंतिम व्हिडिओच्या दर्जावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

रेकॉर्डिंगसाठी बहुतेक जण ‘ओबीएस स्टुडिओ’ वापरतात आणि शॉटकटशी त्याची जोडी उत्तम जमते, याचे कारण फ्रेम रेटमध्ये आहे. ओबीएस ठरलेल्या वेगाने, म्हणजे सेकंदाला नेमक्या ३० किंवा ६० फ्रेम अशा हिशेबाने रेकॉर्ड करते. याउलट मोबाइलवरील स्क्रीन रेकॉर्डर आणि ऑनलाइन बैठकांची रेकॉर्डिंग्ज यांत फ्रेमचा वेग पुष्कळदा बदलता असतो, आणि अशी फाइल थेट टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीवर) टाकली की सुरुवातीला जुळलेला आवाज व्हिडिओच्या शेवटापर्यंत चित्राच्या पुढे किंवा मागे सरकू शकतो. शॉटकट अशी फाइल ओळखते आणि तिचे संपादनास सोयीच्या स्वरूपात रूपांतर करायचे का, असे विचारते. ही सूचना पाहून नवशिके गोंधळतात आणि ती बंद करून टाकतात. तसे करू नये. रूपांतराला वेळ लागतो आणि फाइलही मोठी होते, पण पुढचा मनस्ताप वाचतो. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगचा प्रकार ‘एमकेव्ही’ ठेवावा, हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण मध्येच वीज गेली तरी तोवरचे रेकॉर्डिंग हाती राहते. साध्या एमपी-४ फाइलची तशी शाश्वती नसते. शॉटकट एमकेव्ही फाइल विनातक्रार उघडते.

शॉटकट सुरू केल्यावर पहिल्याच पडद्यावर प्रकल्पाचे नाव आणि ‘व्हिडिओ मोड’ विचारला जातो. तेथे ‘ऑटोमॅटिक’ आधीच निवडलेले असते, आणि त्याचा अर्थ असा की टाइमलाइनवर पहिली जी क्लिप येईल तिच्या मापाचा संपूर्ण प्रकल्प होईल. ज्यांच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा आहे, त्यांचा प्रकल्प त्यामुळे त्याच विचित्र मापाचा होतो. म्हणून सुरुवातीलाच १०८०पी (१९२० बाय १०८०), ३० फ्रेम हा पर्याय स्वतः निवडावा. आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर समजून घ्यावी: ‘सेव्ह’ केल्यावर तयार होणारी एमएलटी फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. कोणती क्लिप कोठे कापली, तिच्यावर कोणते फिल्टर (चित्रात किंवा आवाजात बदल करणारी सोय) लावले याची ती केवळ नोंद असते. मूळ रेकॉर्डिंग जेथे आहे तेथेच राहते. पेनड्राइव्हवरून थेट काम करून पेनड्राइव्ह काढून टाकला, तर शॉटकटला क्लिप सापडणार नाहीत.

प्रत्यक्ष कापाकापी हे या सॉफ्टवेअरचे बलस्थान आहे आणि स्क्रीन रेकॉर्डिंगच्या संपादनात मोठा वेळ याच कामात जातो. टाइमलाइनवर क्लिप ठेवली की आवाजाची लहरी आकृती दिसते. जेथे रेघ सपाट झाली तेथे बोलणे थांबलेले आहे. सातबारा पाहण्याचा व्हिडिओ घेऊ. जिल्हा निवडला, तालुका निवडला, आणि गावांची यादी येईपर्यंत पडदा तसाच राहिला. सपाट रेघेच्या सुरुवातीला प्लेहेड (टाइमलाइनवरील सरकती उभी रेघ) नेऊन ‘एस’ दाबावे, शेवटी नेऊन पुन्हा ‘एस’ दाबावे, मधला तुकडा निवडून ‘एक्स’ दाबावे. तुकडा जातो आणि पुढचा सगळा भाग आपोआप मागे येऊन चिकटतो. जे, के आणि एल या कळांनी व्हिडिओ मागे नेता, थांबवता आणि पुढे नेता येतो, त्यामुळे एकदा बोटांना सवय झाली की माउसला फारसा हात लावावा लागत नाही. मात्र ‘एक्स’ऐवजी ‘झेड’ दाबले तर तुकडा जातो पण जागा रिकामी राहते, आणि त्या जागी अंतिम व्हिडिओत काळा पडदा दिसतो. तसेच वरच्या ट्रॅकवर (टाइमलाइनच्या थरावर) शीर्षके किंवा खालच्या ट्रॅकवर वेगळा आवाज ठेवला असेल, तर कापण्यापूर्वी सर्व ट्रॅक एकत्र सरकवणारे ‘रिपल ऑल ट्रॅक्स’ हे बटण चालू असल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर ती जागच्या जागी राहून चित्राशी जुळत नाहीत. म्हणूनच माझा आग्रह असा की आधी सगळी कापाकापी संपवावी आणि मगच शीर्षके, झूम आणि बाकीच्या सजावटीकडे वळावे.

स्क्रीन रेकॉर्डिंगची खरी कसोटी मात्र झूममध्ये आहे. मराठी प्रेक्षकांपैकी पुष्कळ जण हे व्हिडिओ मोबाइलवर पाहतात, आणि संगणकाचा अख्खा पडदा हाताएवढ्या पडद्यावर आला की गट क्रमांकाची चौकट कोठे आहे तेही कळत नाही. येथे शॉटकट नवशिक्यांना पुरेशी साथ देत नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागेल. ‘झूम करा’ असे सरळ बटण नाही. ‘साइज, पोझिशन अँड रोटेट’ हे फिल्टर शोधून लावायचे, कीफ्रेमचे (कोणत्या क्षणी आकार किती हवा याच्या खुणांचे) पॅनेल उघडायचे, घड्याळाचे चिन्ह दाबून सुरुवातीचा आकार पक्का करायचा, पुढे जाऊन नवा आकार द्यायचा, आणि परत येण्यासाठी हे सगळे उलट करायचे. पहिल्यांदा हे करणारा माणूस हमखास वैतागतो. यावर एक साधा मार्ग आहे आणि कीफ्रेम शिकेपर्यंत तोच वापरावा असे मला वाटते. ज्या वाक्यात गट क्रमांक भरण्याविषयी बोलले आहे, तेवढा भाग दोन्ही बाजूंनी ‘एस’ने वेगळा करावा, केवळ त्या तुकड्यावर हे फिल्टर लावावे आणि चित्राची चौकट कोपऱ्याला धरून ओढत दीडपट मोठी करून हवा तो भाग मध्यभागी आणावा. झूम हळुवार न होता एकदम होतो, पण तो वाक्याच्या सुरुवातीलाच झाला तर पाहणाऱ्याला खटकत नाही. तेच फिल्टर कॉपी करून पुढच्या तुकड्यांवर चिकटवता येते, त्यामुळे एकाच अर्जाच्या चौकटी दाखवताना पुन्हा पुन्हा माप घ्यावे लागत नाही.

माउसचा बाण ठळक करणे हे मात्र शॉटकटच्या आवाक्यात नाही, कारण रेकॉर्डिंग झाल्यावर बाण चित्राचाच भाग झालेला असतो. त्याची तजवीज आधीच करावी: विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमधून बाण मोठा आणि पिवळा करता येतो.

सरकारी संकेतस्थळांचे व्हिडिओ बनवणाऱ्यांनी एका गोष्टीकडे काटेकोर लक्ष दिलेच पाहिजे. सातबारा पाहतानाही मोबाइल क्रमांक भरावा लागतो. इतरत्र आधार क्रमांक, ओटीपी, बँक खाते पडद्यावर येते. पुष्कळ जण त्यावर हलके धूसर फिल्टर लावतात आणि अंक अंदाजाने ओळखू येतात. शॉटकटमध्ये ‘ओपन अदर’ मधून ‘कलर’ निवडून एका रंगाची क्लिप तयार करता येते. ती वरच्या ट्रॅकवर ठेवून, लहान करून, नेमकी त्या क्रमांकावर बसवावी. अपारदर्शक पट्टीखालचे काहीच वाचता येत नाही, म्हणून हा उपाय धूसर करण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. दुसऱ्याचा उतारा उदाहरणादाखल दाखवत असाल तर खातेदाराचे नावही असेच झाकावे.

मराठी अक्षरांच्या बाबतीत शॉटकट समाधानकारक आहे, आणि हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो. ‘टेक्स्ट: सिंपल’ या फिल्टरमध्ये युनिकोड मराठी थेट टाइप करता येते आणि ‘क्षेत्र’, ‘तपशील’, ‘स्वाक्षरी’ असे शब्द जोडाक्षरांसह नीट उमटतात. प्रश्न उरतो फाँटचा. विंडोजमधील निर्मला यूआय वाचनीय असला तरी त्यातील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी धाटणीची आहेत. मराठी वळणाची अक्षरे हवी असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट मोफत मिळतो. जाड, दुरून वाचता येईल अशा मथळ्यासाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्ता’ चांगला. अक्षरांमागे गडद पट्टी द्यावी, कारण पांढऱ्या संकेतस्थळावर पांढरी अक्षरे दिसत नाहीत.

आवाजाचे फिल्टर पुरेसे आहेत. ‘हाय पास’ने पंख्याची खालच्या पट्टीतील घरघर कमी होते आणि ‘नॉर्मलाइज: टू पास’ संपूर्ण क्लिप तपासून आवाज एका पातळीवर आणते, तेथे लक्ष्य उणे १६ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) आसपास ठेवावे. यूट्यूब फार मोठा आवाज कमी करते, पण बारीक आवाज वाढवून देत नाही, म्हणून हे काम आपल्यालाच करायचे असते. ज्यांना रेकॉर्ड करताना एकाच वेळी बोलणे आणि माउस चालवणे जमत नाही, त्यांनी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाची पद्धत पाहावी. तेथे आधी संहिता लिहिली जाते, आणि एकाच स्क्रीन रेकॉर्डिंगवर मराठीसह अनेक भारतीय भाषांतला आवाज चढवला जातो. शॉटकटमध्ये हे करता येते: क्लिपवर उजवे बटण दाबून ‘डिटॅच ऑडिओ’ करावे, मूळ आवाज काढून टाकावा आणि स्वतंत्र ट्रॅकवर नवा आवाज ठेवावा. जेथे बोलणे चित्रापेक्षा लांबते तेथे त्या क्षणाची फ्रेम चित्र म्हणून जतन करून तेवढा वेळ पडद्यावर ठेवावी. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये चित्र तसेही स्थिर असल्याने हा सांधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

‘एक्स्पोर्ट’मध्ये डाव्या यादीतून ‘यूट्यूब’ निवडून फाइल तयार करावी. बाकीच्या पर्यायांना हात लावण्याची गरज नाही. काम ‘जॉब्स’च्या रांगेत जाते आणि तोवर दुसरे संपादन सुरू ठेवता येते. व्हिडिओ १५ मिनिटांपेक्षा मोठा असेल तर यूट्यूबवर आधी फोन क्रमांकाने खाते पडताळून घ्यावे लागते. वर्णनात ००:०० पासून सुरू होणारे किमान तीन टप्पे, प्रत्येकी किमान १० सेकंदांचे, लिहून दिले की व्हिडिओचे भाग पडतात आणि ज्याला केवळ गट क्रमांक कसा शोधावा एवढेच हवे आहे तो थेट तेथे पोहोचतो.

पर्यायांचा विचार करता, विंडोज ११ सोबत येणारे ‘क्लिपचॅम्प’ शिकायला अधिक सोपे आहे आणि १०८०पी व्हिडिओ मोफत देते, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती रंगकामात, म्हणजे चित्राचे रंग सुधारण्यात, फार पुढे आहे, मात्र तिला चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि सातबाऱ्याच्या व्हिडिओला रंगकाम कशाला हवे? ‘कॅमटेशिया’ हे खास स्क्रीन रेकॉर्डिंगसाठीच बनवलेले आहे. त्याच्याच रेकॉर्डरने घेतलेल्या चित्रात हळुवार झूम आणि माउसच्या बाणावरचा झोत हे दोन्ही संपादनातही सहज देता येतात, परंतु ते पैसे भरून घ्यावे लागते. ज्यांचा शिकवणीचा व्यवसायच व्हिडिओंवर चालतो आणि दर आठवड्याला अनेक व्हिडिओ द्यावे लागतात, त्यांनी तो खर्च जरूर करावा, कारण झूममध्ये वाचणारा वेळ त्याची भरपाई करतो. महिन्याला दोन-चार व्हिडिओ करणाऱ्या शिक्षकांना आणि महा-ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांना मी शॉटकटच सुचवेन, आणि पहिला प्रयोग पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर, केवळ ‘एस’ आणि ‘एक्स’ या दोन कळा वापरून करावा असेही सांगेन.