४८ इंची बाल्सा ट्रेनर, नऊ महिन्यांनंतर: सगळा जीव एका पंखात अडकला

मागच्या रविवारी गुहागरच्या किनाऱ्यावर आमचं रिमोटवर उडणारं शिकाऊंसाठीचं छोटं विमान (ट्रेनर) तिसऱ्यांदा आपटलं. लेक वाळूत बसून तुकडे गोळा करत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. त्याच संध्याकाळी लिहिलं असतं तर या किटला एकही तारा दिला नसता. आठ दिवसांत मत बदललंय, म्हणून क्रमाने सांगते.

किट नेहमीचंच: वर पंख, तीन चॅनल (रिमोटवरून तीन गोष्टींचं नियंत्रण), लेझरने कापलेला बाल्सा, म्हणजे अगदी हलकं लाकूड. त्याला २२०० एमएएचची थ्री-सेल बॅटरी. मे महिन्याच्या सुट्टीत पडवीत बांधायला घेतलं. लेक आठवीत. रिब, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळ्या, घासायच्या तिने, चिकटवायच्या मी. लाकूड उत्तम, खाचा अचूक, तक्रारीला जागा नाही. फक्त सायनो गोंद जपून वापरा. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे मृग लागल्यावर आमच्याकडे तुकडा सरळ करायलाही उसंत देत नाही. सांगाडा पावसाआधी उरकावा, नाहीतर सरळ फेव्हिकॉल घ्यावा. सांगाड्यावर फिल्म (गरम केली की आवळणारा प्लास्टिकचा पापुद्रा) चढवायची वेगळी इस्त्री विकत घेऊ नका. घरचीच जुनी इस्त्री, खाली सुती फडका, काम चोख होतं. श्रावणात फिल्मला सुरकुत्या पडल्या, त्या ऑक्टोबरात पुन्हा इस्त्री फिरवून गेल्या.

आता पंखाबद्दल.

पहिल्या उड्डाणापासून विमान वेगात असलं की उजवीकडे झुकायचं. डावा ट्रिम देऊन, म्हणजे रिमोटवरून कायमचं थोडं डावीकडे वळण लावून, आम्ही भागवलं. पण उतरताना वेग कमी झाला की उलट व्हायचं, डावा पंख अचानक खाली जायचा आणि विमान त्याच कुशीवर आदळायचं. आधी मी वाऱ्याला दोष दिला. सकाळी सातला मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून सुरूच्या बनाकडे तोंड करून उडवावं लागतं आणि बनावरून येणारी हवा खळबळलेली असते. मग मोटरचा कोन बदलला. दोनदा पंख दुरुस्त केला. शेवटी विक्रेत्याला लिहिलं की डावा पंख पिळलेला पाठवलात, बदलून द्या. उत्तर आलं, कोकणातल्या दमट हवेचा परिणाम असेल. तीन आठवडे निरोपांची देवाणघेवाण चालली. मी फार कडक शब्द वापरले आणि तक्रारही नोंदवली.

उलगडा लेकीने केला. सोमवारी तिने कपाटाची काच जमिनीवर ठेवून डावा पंख त्यावर मांडला. मुळाशी तो सपाट बसला, टोकाला पुढची कड ४ मिलीमीटर वर. पंखाची रुंदी २० सेंटीमीटर, म्हणजे टोक एक अंशाहून थोडं जास्त वर रोखलेलं. "आई, म्हणून तर तो पंख जास्त उचलतो, विमान उजवीकडे झुकतं. आणि वेग कमी झाला की तोच आधी स्टॉल होतो, त्याची उचल तुटते!" एकाच दोषातून दोन्ही उलट्या खोड्या. चार महिने मला हे दिसलं नव्हतं. राईट बंधूंनी १९०३ सालच्या विमानात तोल सांभाळायला पंखांची टोकं मुद्दाम पिळायची सोय केली होती, हे तिला माहीत होतं. आमच्याकडे तो पीळ कायमचा बसला होता.

मग पंख ज्यावर बांधला ते माळ्यावरचं जुनं दार तपासलं. डाव्या टोकाच्या जागी फळी फुगलेली होती. दोष किटचा नव्हता, ओलाव्यानेही पंख बिघडला नव्हता. विक्रेत्याचं निदान चुकलं, पण माझा आरोप त्याहून चुकीचा होता. तक्रार मागे घेतली, माफी मागितली.

दुरुस्तीला एक रुपया लागला नाही. लेकीने पंखाचं टोक उलट दिशेने पिळून धरलं आणि मी वर-खाली दोन्हीकडच्या फिल्मवर इस्त्री फिरवली. गार होईपर्यंत तिने हात सोडला नाही. दोन वेळा करावं लागलं. काचेवर आता दोन्ही पंख सपाट बसतात.

तरी एक तारा कापतेय. पुस्तिकेत मोटरच्या तारांचे रंग तीनदा छापलेत, पण ज्यावर बांधणार ती फळी काचेसारखी सपाट आहे का ते बघा, एवढं एक वाक्य नाही. मुलं हाताशी घेऊन पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी हे किट आहे, त्यांना कोण सांगणार? विक्रेत्याला तसं कळवलंय.

किनाऱ्यावर उडवणाऱ्यांसाठी आणखी एक. आपल्या वाळूतले काळे कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात, म्हणून विमान कधी उघड्या वाळूवर ठेवू नका. आम्ही चटई नेतो.

आज सकाळी ओहोटीच्या घट्ट वाळूवरून उडवलं. ट्रिम मधोमध. लेकीने दोन्ही काड्यांवरून बोटं उचलली आणि विमान सरळ जात राहिलं. उतरवलंही तिनेच, दोन्ही चाकांवर.