लहान मुलांचा चष्म्याचा नंबर काढायचाय तर डोळ्यात ड्रॉप घालूनच काढा

पोरगी सहा वर्षांची, पहिलीत आहे, संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणायची म्हणून आधी एका चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला तर मायनस सव्वा आला, चष्मा करायलाच टाकणार होतो पण माझी नणंद म्हणाली आधी डॉक्टरला दाखव. मग जुळे सोलापुरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो आणि तिथं ड्रॉप घालून तपासलं तर नंबर चक्क प्लस अडीच!

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, लहान मुलांच्या डोळ्यातला स्नायू इतका ताकदीचा असतो की तो आतली लेन्स फुगवून प्लसचा नंबर लपवतो आणि कधीकधी खोटा मायनस दाखवतो. सायक्लोपेंटोलेटच्या ड्रॉपनं तो स्नायू थोड्या वेळासाठी ढिला पडतो, मग खरा नंबर कळतो.

ड्रॉप झोंबतो हो, पहिल्या थेंबालाच पोरीनं डोळे गच्च मिटले. पण तिथल्या सिस्टर लई हुशार, मान मागं करायला लावून मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवला, पोरीनं डोळा उघडला की थेंब आपोआप आत. वर तो कोपरा मिनिटभर दाबून धरला, म्हणजे औषध नाकातून घशात उतरत नाही. दहा मिनिटांनी परत एक, मग पाऊण तास बसायचं. नंतर अंधाऱ्या खोलीत डॉक्टर डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवत एकेक भिंग बदलत बघतात, पोरीला काही वाचायला, सांगायला लागत नाही, म्हणून अगदी तान्ह्या बाळाचाही नंबर असा काढता येतो. शेजारी तिरळेपणा असलेला छोटा मुलगा होता, त्याला अ‍ॅट्रोपिनचं मलम तीन दिवस घरी लावून यायला सांगितलं होतं, त्याचा असर आठ-दहा दिवस तरी राहतो म्हणे.

तक्रार एकच, जवळचं दिसणार नाही हे आधी कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला पुस्तकातलं अक्षर लागेना, मी घाबरूनच गेले, फोन केल्यावर म्हणाले चोवीस तास असं होतं. गालही लाल झाले होते जरासे. आणि बाहेर आपलं सोलापूरचं ऊन, ड्रॉपनं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, बिचारी रिक्षात माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली.

चष्मा लगेच दिला नाही, ड्रॉपचा असर गेल्यावर परत बोलावून, नंबर थोडा कमी करून दिला. आता महिना झाला, डोकं दुखायचं थांबलंय. जाताना टोपी न्या आणि शनिवारचीच वेळ घ्या, रविवार हाताशी राहतो.