चिठ्ठी आधी नीट वाचणारे मेडिकल: विश्रामबाग, सांगली

गेल्या मार्चमध्ये माझ्या 74 वर्षांच्या आईच्या मनगटावर मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि घरी सोडताना डॉक्टरांनी सात औषधांची चिठ्ठी हातात दिली. रुग्णालयाजवळच्या एका दुकानात मी ती दिली. तेथील काउंटरवरच्या मुलाने चार औषधे पिशवीत घातली, बाकीची नाहीत पण त्याऐवजी ही चालतील असे सांगून आणखी दोन पाकिटे पुढे केली आणि लगेच बिलाची रक्कम सांगितली. कोणती गोळी कशाच्या जागी दिली, या प्रश्नाला नीट उत्तर मिळेना, म्हणून काहीही न घेता मी चिठ्ठी परत घेतली आणि सांगलीला पोहोचल्यावर विश्रामबागेतील या मेडिकलमध्ये गेले. तेव्हापासून आईची सर्व औषधे मी येथूनच घेते.

येथील फार्मासिस्टनी एकही पाकीट काढण्याआधी चिठ्ठी तारखेपासून सहीपर्यंत वाचली आणि विचारले, "ताई, आजींना आधीपासून काय काय चालू आहे?" मी भावाला घरातल्या गोळ्यांचे फोटो पाठवायला सांगितले. ते पाहताच त्यांच्या लक्षात आले की आई रक्तदाबासाठी जी गोळी कित्येक वर्षे घेते, तिच्यात टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम आणि अॅम्लोडिपिन आहे, आणि नव्या चिठ्ठीतही वेगळ्या कंपनीच्या नावाने टेल्मिसार्टन 40 लिहिलेले आहे. आम्ही घरी दोन्ही गोळ्या दिल्या असत्या, कारण वरची नावे एकमेकांशी जराही मिळत नव्हती. पडून हाड मोडलेल्या वृद्ध बाईचा रक्तदाब प्रमाणाबाहेर खाली जाऊन तिला चक्कर येणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. तरीही त्यांनी स्वतःच्या अधिकारात कोणतीही गोळी वगळली नाही. चिठ्ठीवरच्या क्रमांकावर फोन लावला, डॉक्टर मोकळे होईपर्यंत वीसेक मिनिटे थांबायला सांगितले आणि जुनीच गोळी चालू ठेवावी हे डॉक्टरांचे म्हणणे फोन माझ्या हाती देऊन मलाही प्रत्यक्ष ऐकवले. औषधे झटपट मिळावीत अशी माझीही अपेक्षा असते. पण ती वीस मिनिटे मला जराही जड गेली नाहीत.

आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोलची जी कंपनी डॉक्टरांनी लिहिली होती, ती त्यांच्याकडे नव्हती. घटक तोच असलेली दुसरी गोळी समोरच्या कप्प्यात दिसत असूनही त्यांनी ती दिली नाही आणि संध्याकाळपर्यंत लिहिलेलीच गोळी होलसेलरकडून मागवून दिली. औषध नियम, 1945 (पूर्वीचे औषधे व सौंदर्य प्रसाधने नियम) मधील नियम 65 प्रमाणे शेड्यूल एच, एच 1 आणि एक्स या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या याद्यांमधील औषधांच्या जागी, घटक तोच असला तरी, दुकानदाराला परस्पर दुसरे औषध देता येत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. हा नियम खर्चाच्या दृष्टीने ग्राहकाला कधी कधी जाचक वाटतो, हे मी मान्य करते. त्यावरही त्यांनी सरळ मार्ग सांगितला: डॉक्टरांनाच चिठ्ठीवर कंपनीऐवजी घटकाचे नाव लिहिण्याची विनंती करावी, म्हणजे स्वस्त जेनेरिक गोळी नियमात बसते आणि ती जनऔषधी केंद्रातूनही घेता येते. स्वतःची विक्री कमी होईल असा सल्ला त्यांनी आपणहून दिला, याचे मला विशेष वाटले.

चिठ्ठीतील प्रतिजैविक (अँटिबायोटिक) सेफिक्सिम आणि वेदनाशामक ट्रामाडॉल ही दोन्ही औषधे 2014 पासून लागू असलेल्या शेड्यूल एच 1 मध्ये येतात. त्यांची नोंद डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या यांसह त्यांनी वेगळ्या रजिस्टरमध्ये केली. हे रजिस्टर तीन वर्षे जपून ठेवावे लागते. चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीखही घातली. पुढच्या आठवड्यात मनगट पुन्हा दुखू लागले तेव्हा त्याच चिठ्ठीवर ट्रामाडॉल द्यायला त्यांनी नम्रपणे नकार दिला, आणि नंतर तपासणीत प्लास्टर घट्ट झाल्यामुळे ते दुखत असल्याचे निष्पन्न झाले. पाच दिवसांच्या दहा गोळ्या लिहिल्या असतील तर ते दहाच देतात, आणि स्ट्रिप कापताना बॅच नंबर व मुदतीची तारीख छापलेला भाग ग्राहकाकडे जाईल याची काळजी घेतात. मुदतीचा भाग दुकानातच राहिलेले कापलेले तुकडे आमच्या औषधांच्या डब्यात पूर्वी कितीतरी साठले होते.

औषधे देताना त्यांनी प्रत्येक पाकिटावर मराठीत, ठळक अक्षरांत वेळ लिहून दिली. थायरॉईडसाठीचे थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी घ्यायचे आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी, कारण कॅल्शियममुळे थायरॉक्सिन शरीरात नीट शोषले जात नाही. आम्ही मात्र दोन्ही गोळ्या सकाळीच एकत्र देणार होतो. मधुमेहासाठीच्या ग्लार्जिन इन्सुलिनची नवी पेने त्यांनी बर्फाच्या पिशवीसह बांधून दिली, ती 2 ते 8 अंशांत, फ्रीजरपासून दूर ठेवायला सांगितली आणि वापरायला काढलेले पेन 28 दिवसांनंतर उरले तरी टाकून द्यायचे हे बजावून, उघडल्याची तारीख पेनवर लिहायला लावली.

उणिवाही आहेत. फार्मासिस्ट एकच असल्यामुळे संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत रांग लागते, आणि ज्येष्ठांना बसायला एखादा बाकही नाही. घरपोच सेवा आहे, परंतु पिशवी आणणाऱ्या मुलाकडून कसलीही माहिती मिळत नाही, म्हणून नवी चिठ्ठी असेल तर स्वतः जाणेच बरे. सवलत शेजारच्या दुकानांपेक्षा कमी आहे. मी आता सकाळी अकराच्या सुमारास, घरात चालू असलेल्या सर्व गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत घेऊन जाते. तेव्हा गर्दी नसते आणि त्यांना प्रत्येक पाकीट उलटून पाहायला वेळ मिळतो. रविवारी दुपारी एकनंतर दुकान बंद असते, त्यामुळे इन्सुलिन शनिवारीच घ्यावे.