ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज बसवताना आम्ही कुठे फसलो

आमच्या ऑफिसात नवं ईपीएबीएक्स, म्हणजे टेबलांवरचे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं एक्स्चेंज, बसलं आणि वर्षाच्या आत त्यातलं निम्मं काम उखडून पुन्हा करावं लागलं. हे काम माझ्या देखरेखीखाली झालं. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही माझी आहे. टेलिफोनच्या कामातलं आतलं काही ठाऊक नसलेल्या ज्या कुणावर उद्या अशीच जबाबदारी पडेल, त्याच्यासाठी हे सगळं लिहून ठेवते आहे.

तीन मजले, 64 एक्स्टेन्शन (टेबलांवरचे आतले फोन), बाहेरच्या 8 लाइन. एवढंच काम होतं. आम्ही तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली होती. ज्याला काम दिलं त्याचा भाव सगळ्यात कमी नव्हता, मधला होता, आणि त्यामुळेच तो आम्हाला भरवशाचा वाटला. कोटेशनची पहिली दोन पानं एक्स्चेंजच्या वर्णनाची होती: किती स्लॉट (खाचा), त्यांत लाइन जोडणारं कोणतं कार्ड, कॉल ट्रान्सफर, कॉन्फरन्स. शेवटी एक ओळ होती, ‘केबलिंग, अर्थिंग व साइटची इतर कामे, लमसम’, म्हणजे सगळ्याची मिळून एकच ठोक रक्कम. त्या एका ओळीत एकूण रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा होता. आम्ही दोन दिवस पहिल्या दोन पानांवर चर्चा केली. त्या ओळीवर कुणीच काही विचारलं नाही.

सुरुवात जागेपासून झाली. एक्स्चेंजसाठी त्याने जिन्याखालची खोली सुचवली. ‘मॅडम, मधोमध पडते, केबल कमी लागेल.’ केबल वाचणार होती हे खरं, पण काम लमसम असल्यामुळे ती वाचत होती त्याची. खोलीला खिडकी नव्हती आणि मागची भिंत बाथरूमची होती. यंत्र आणि बॅटऱ्या त्याच भिंतीला टेकवून लागल्या. चार महिन्यांत भिंतीला ओल आली. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण 25 अंश सेल्सियसला धरून सांगितलेलं असतं आणि त्याच्यावर दर 10 अंशांना ते जवळजवळ निम्मं होतं, हे मला नंतर कळलं. त्या कोंडलेल्या खोलीत 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्यांचा संच होता. एकदा वीज गेली तेव्हा पाच तास चालायला हवं होतं ते एक्स्चेंज वीस मिनिटांत बंद पडलं. बॅटऱ्यांवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष घासून काढलेला होता, तेही तेव्हाच पाहिलं.

पण फोनवरच्या तक्रारी त्याआधीच सुरू झाल्या होत्या. आधी दोन टेबलांवर खरखर, मग सहा, मग पंधरा. कुणाला मधूनच दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं, कुणाचा फोन वाजायचा पण उचलला की शांत. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस यायचा, क्रोनच्या पट्टीवर (केबलच्या वायरी जिथे जोडतात ती पट्टी) पंचिंग टूलने सगळ्या वायरी पुन्हा दाबायचा आणि जायचा. आठवडाभर ठीक. मग पुन्हा तेच. चौथ्या वेळी तो मला म्हणाला, ‘तुमच्याकडचे लोक हँडसेट आपटतात.’ मी खालच्या मजल्यावर सगळ्यांना फोन नीट हाताळण्याची सूचनाही दिली, याचं मला आज फार वाईट वाटतं.

शेवटी ओळखीतून टेलिफोनच्या कामात हयात गेलेले एक गृहस्थ पाहायला आले. त्यांनी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. क्रोनमधून एक वायर उपसली, तिचं टोक सोललं आणि ब्लेडने अलगद खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरून लालसर. खरवडलं तिथे पांढरं, चंदेरी. ‘हे तांबं नाही, बाई. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे.’ मग त्यांनी ती वायर दोन बोटांत धरून चार-पाच वेळा पुढेमागे वाकवली आणि ती मोडली. तांब्याची शेजारी धरली, ती वाकतच राहिली.

वायरीचा विद्युतरोध किती, हे त्यांनी मोजूनही दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बॉक्समध्ये एका फोनच्या जोडीतल्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि खालून मल्टिमीटर लावला. त्या बॉक्सपर्यंत साधारण 60 मीटर अंतर. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या शुद्ध तांब्याच्या जोडीला जाऊन-येऊन साडेदहा ओहमच्या आसपास यायला हवेत. आमचे 17 आले. एवढ्या अंतरावर नुसत्या या जादा ओहमने आवाज बिघडत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बिघाड असतो जोडात. क्रोनच्या पट्टीत वायर सोलून घालत नाहीत. टूलने दाबली की पट्टीतल्या धातूच्या फटीत तिचं आवरण कापलं जातं आणि धातू आतल्या तारेला घट्ट चावतो. मुलामा पातळ, तो तिथे कापला जातो आणि उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो. तो थर वीज नीट वाहू देत नाही. शिवाय ॲल्युमिनियम मऊ, ते दाबाखाली हळूहळू बसत जातं आणि जोड सैल होतो. पुन्हा दाबलं की ताजा धातू लागतो, म्हणून आठवडाभर ठीक. हँडसेट कुणी आपटत नव्हतं.

हे कसं घडलं ते आठवल्यावर मला राग आवरेना. केबलचा पहिला बॉक्स कॉन्ट्रॅक्टरने माझ्या टेबलावर उघडला होता. आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला, वायरीचा प्रकार छापलेला, सगळं व्यवस्थित. तो बॉक्स शेवटपर्यंत रिसेप्शनमागे सगळ्यांना दिसेल असा उभा होता. बाकीचे बॉक्स ऑफिस सुटल्यावर येत आणि रात्रीत केबल फॉल्स सीलिंगच्या वर, प्लास्टरच्या आत जाई. त्या केबलच्या आवरणावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. वर चढून बघितलं असतं तर मलाही दिसलं असतं.

अर्थिंगची गोष्ट मात्र मी फसवणूकसुद्धा म्हणणार नाही, त्याहून वाईट म्हणेन. बाहेरून येणाऱ्या लाइन जिथे उतरतात त्या फ्रेमवर प्रत्येक जोडीला संरक्षक बसवतात. त्यात गॅस भरलेली छोटी नळी असते. जवळपास वीज पडून लाइनवर व्होल्टेज उसळलं की तो गॅस वाहक होतो आणि ती लाट अर्थच्या वायरीने जमिनीत उतरते. अर्थ नसेल तर त्या नळीला लाट न्यायला जागाच उरत नाही. आमच्याकडे संरक्षक होते, हिरवी वायरही होती, आवारात अर्थिंगचा चौकोनी चेंबर होता, त्याच्या झाकणावर सुबक अक्षरांत आकडा रंगवलेला होता. आणि टाइप केलेला रिपोर्ट होता: 0.8 ओहम. हा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं.

पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी जवळच कुठेतरी वीज कोसळली. आमच्या ऑपरेटरताई कॉलवर होत्या. त्यांच्या हेडसेटमध्ये असा कडाका झाला की त्यांनी किंचाळून तो फेकला. कान तीन दिवस दुखत होता. तपासून घेतला, सुदैवाने पडद्याला इजा नव्हती. बाहेरच्या लाइनचं कार्ड जळालं, दोन एक्स्टेन्शन कार्डंही गेली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘नैसर्गिक आपत्ती. वॉरंटीत येत नाही.’

तेच गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी अर्थ टेस्टर लावला, त्यासाठी चेंबरपासून लांब अंतरावर जमिनीत दोन लोखंडी सळया ठोकल्या. त्या ठोकताना बघूनच माझ्या लक्षात आलं की काम झालं तेव्हा अशा सळया कुणी ठोकलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. आकडा आला 42 ओहम. मग आम्ही खणलं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप अडीच-तीन मीटर खोल उभा असायला हवा होता. कुदळीच्या पाचव्या-सहाव्या घावाला पाइपचं खालचं टोक हाती लागलं. हातभर तुकडा. खाली डबर आणि विटांचे तुकडे. अर्थिंगच्या खड्ड्यात भरतात तो कोळसा, मीठ काही नाही. हिरवी वायर त्या तुकड्याला नुसती गुंडाळलेली होती, बोल्टसुद्धा नव्हता. तो पाइप हातात घेऊन मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त ताईंनी कानावर दाबून धरलेला हात येत होता.

घरी जाऊन रिपोर्ट पुन्हा काढला. त्यावरची तारीख आणि वॉचमनच्या रजिस्टरमधली नोंद पडताळली. खड्डा खणायला मजूर आत आले त्याच्या दोन दिवस आधीची तारीख रिपोर्टवर होती.

कार्डांचं कळलं ते त्या जळण्यामुळेच. बदली कार्ड मागवायला यंत्र बनवणाऱ्या कंपनीला सगळे सिरीयल नंबर कळवले, तेव्हा उत्तर आलं की चारपैकी तीन एक्स्टेन्शन कार्डं काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच ग्राहकाला विकलेली आहेत आणि त्यांची वॉरंटी कधीच संपली आहे. चेसिस, म्हणजे कार्डं बसवायचा सांगाडा, नवी होती, खोका सीलबंद होता. कार्डं ‘आत बसवूनच येतात’ असं आम्हाला सांगितलं होतं. काढून पाहिल्यावर कडेच्या कनेक्टरवर आधीच्या वापराचे ओरखडे दिसले आणि एका कार्डावर जुन्या स्टिकरचा चिकटा होता, त्याला धूळ लागून काळा झालेला. माल आला त्या दिवशीच नंबर लिहून कंपनीला एक मेल टाकली असती तर दुसऱ्या दिवशी हे समजलं असतं. त्याला खर्च काहीच नाही.

दुसऱ्याला काम द्यायचं ठरवलं तेव्हा मास्टर पासवर्ड मिळेना. कुठली जोडी कुठल्या टेबलाला जाते याचा तक्ता नाही, प्रोग्रॅमिंगचा बॅकअप नाही. एक्स्चेंज कोरं करून सगळं नव्याने भरावं लागलं. त्यात बाहेरून फोन करून आपल्या एक्स्चेंजमधून दुसरा कॉल लावण्याची सोय चालू ठेवलेली आढळली, सोप्या चार आकडी कोडवर. या वाटेने चोरटे रात्रीत परदेशी कॉल करून मालकाच्या नावावर बिल चढवतात, ही जगभरची जुनी चोरी आहे. आमच्या बाबतीत कुणी ती वापरलेली नव्हती.

आता ज्यांचं काम व्हायचं आहे त्यांना माझं सांगणं: लमसम ही ओळ मान्य करू नका. केबल किती मीटर, कोणत्या जाडीची, शुद्ध तांब्याची, हे लिहून घ्या आणि प्रत्येक बॉक्समधलं हातभर टोक कापून स्वतः खरवडा. फक्त पहिल्या बॉक्सवर थांबू नका. सीलिंग बंद होण्याआधी, प्लास्टर चढण्याआधी, खड्डा बुजण्याआधी तिथे उभं राहा आणि फोटो काढा, त्यात मोजपट्टी दिसू द्या. अर्थ टेस्टिंग तुमच्यासमोर होऊ द्या. पासवर्ड, बॅकअप आणि जोड्यांचा तक्ता हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. आणि हा हप्ता भरघोस ठेवा. आम्ही नव्वद टक्के आधीच देऊन बसलो होतो. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी तो माणूस एकदाही आमच्या दारात आला नाही, यावरून त्याने काय वाचवलं असेल ते समजा.

त्याच्यावर लेखी तक्रार केली आहे. मोडलेली वायर, हातभर पाइप आणि वॉचमनच्या रजिस्टरची प्रत जोडली आहे. अर्थिंग नवं झालं, एक्स्चेंज कोरड्या खोलीत हललं, सीलिंगवरची केबल बदलली. तिसऱ्या मजल्यावर प्लास्टरच्या आत गेलेली केबल अजून तशीच आहे, कारण भिंत फोडल्याशिवाय ती निघणार नाही. त्या बाजूच्या सात टेबलांवर हवा दमट झाली की अजून खरखर येते, आणि तिथले लोक फोन आला की सवयीने उठून शेजारच्या खोलीत जाऊन घेतात.