पंखा लागला म्हणून हीटर बंद केला: बंडूच्या टाकीतले सात महिने

भाचा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि त्याचं कासव आमच्याकडे आलं. नाव बंडू. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात पाच रुपयाच्या नाण्याएवढं असताना विकतात ते. रेड इअर्ड स्लायडर. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. आमच्याकडे आला तेव्हा पाठ सात इंचांची होती आणि सोबत सामान म्हणजे एक टब आणि वाळवलेल्या कोळंबीचा डबा. बाकीचं सगळं मी नोव्हेंबरमध्ये घेतलं. तीन फुटी काचेची टाकी, दोन फुटी टी-५ यूव्हीबी ट्यूब (उन्हातले यूव्हीबी म्हणजे अतिनील किरण देणारी), ऊब घ्यायला ६० वॅटचा हॅलोजन दिवा, थर्मोस्टॅटवाला २०० वॅटचा हीटर, टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर आणि कासवाने चढून बसायचा प्लास्टिकचा तरंगता तराफा. आता मे संपत आलाय. सात महिने वापरून जे कळलं ते लिहितेय, कारण घेताना मला सगळे एकच सांगत होते, ‘थंडीत जपा’. थंडीत काहीच झालं नाही. झालं ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.

आधी वाईट वस्तूचं उरकते. तराफा घेऊ नका. चार रबरी चकत्यांनी काचेला चिकटतो म्हणे. बंडूचं वजन पडलं की आठवड्यात एक चकती सुटायची आणि मध्यरात्री धप्पकन आवाज. शेवटी पीव्हीसी पाइपचा चौकोनी घोडा करून त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, चढायला उतार दिला. दगड दिव्याखाली छान तापतो, तासभर धरून राहतो. खर्च जवळपास शून्य.

हीटर उत्तम. पाणी २५ अंश सेल्सिअसला लावलं की २५. पण काचेचा हीटर असेल तर जाळीदार कव्हर घालाच, कासव त्याला धक्के मारतं.

आता माझी चूक. नाशिकचा फेब्रुवारी तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको. दुपारी पंखा लागतो आणि पहाटे गोधडी. महाशिवरात्रीच्या आसपास दुपारी घरात इतकं उकडायला लागलं की मी हीटरचा प्लग काढला. दिवसाला दीड युनिट वाचेल, हा हिशोब. बंडू दुपारी दगडावर पाय पसरून पडलेला, मस्त दिसायचा. आठवड्याने तो पोहताना एका अंगाला कलायला लागला. डावी बाजू वर, उजवी खाली, टायर पंक्चर झालेल्या रिक्षासारखा. मला वाटलं खेळतोय. मग जेवण सोडलं, नाकाशी बुडबुडे दिसले, दगडावर बसून तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. त्या रात्री गजर लावून पाच वाजता थर्मामीटर बघितला तर पाणी साडेएकोणीस. दुपारचं पंचवीस. रोज एवढी चढउतार.

डॉक्टर म्हणाले, “ताई, हा न्यूमोनिया आहे. कलतोय म्हणजे एका फुप्फुसात जास्त.” कासवाचं शरीर आपण होऊन गरम राहत नाही. पाणी गार झालं की पचन मंदावतं आणि रोगाशी झगडण्याची ताकदही उतरते. दर तीन दिवसांनी एक अशी अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली, तीही पुढच्या पायात. मागच्या पायात का नाही विचारलं, तर मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडून जातं, औषध तिथेच गळून जाऊ शकतं. पाणी २८ अंशांला ठेवायला सांगितलं. हीटर परत लागला आणि बाराव्या दिवशी बंडू सरळ पोहला. हीटर मग मी एप्रिलच्या मध्यावर, पहाटेचं पाणी सलग आठ दिवस २५ च्या वर दिसल्यावरच काढला. दुपारचा आकडा बघायचाच नाही.

यूव्हीबी ट्यूबबद्दल. ही दिसायला साधी ट्यूबलाइट आहे आणि किंमत बघून नवरा म्हणाला, “खिडकीतून ऊन येतंय की!” येतं, पण काचेतून यूव्हीबी येत नाही, आणि त्याशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग कॅल्शियम पचत नाही आणि पाठ मऊ पडते. भाच्याच्या टबात बंडूच्या पाठीच्या कडा बोटाने दाबल्या तर किंचित लवायच्या. आता खडखडीत आहेत, जुन्या खवल्यांचे पातळ पापुद्रे निघून खालून नवे चकचकीत आलेत. एक मात्र सांगते. पाणी उडतं म्हणून मी पहिले पाच आठवडे टाकीवर काच ठेवून त्यावर ट्यूब ठेवली होती. म्हणजे पाच आठवडे नुसता उजेड. आता ट्यूब उघडी, दगडापासून फूटभर वर, टायमरवर बारा तास.

मार्चपासून मी सकाळी साडेनऊच्या सुमाराला बाल्कनीत खरं ऊनही देते. टबचा अर्धा भाग सावलीत हवाच. टबातलं चार बोटं पाणी उन्हात तापत जातं आणि कासवाला पळायला जागा नसते. वर जुनी जाळी टाकते, कावळे फार धीट आहेत. आणि रंगपंचमीला अजिबात बाहेर ठेवू नका. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीच मोठी, रहाडींपासून (रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद) गच्चीपर्यंत सगळं गाव रंगात. वरच्या मजल्यावरून ओघळलेलं गुलाबी पाणी थेट टबात. बंडू वेळेत उचलला, टब अजून गुलाबी आहे.

मार्चअखेर त्याने पुन्हा जेवण सोडलं. माझ्या पोटात गोळा. पण या वेळी कलत नव्हता, उलट दिवसभर काचेवर पाय खरडत येरझाऱ्या, मागच्या पायांनी दगड उकरायचा. सासूबाई दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अगं, हा बंडू नाहीये. अंडं घालायला जागा हुडकतेय ती. कोंबडी नाही का करत?” डॉक्टरांना फोन केला तर तेही तेच. नर नसतानाही मादी वसंतात अंडी घालते, आणि जागा मिळाली नाही तर पोटात अडकून बसतात. मलूल झाली तर लगेच एक्स-रेला आणा म्हणाले. बांधकामावरून घमेलं आणलं, त्यात वीतभर ओलसर वाळू-माती भरली, बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवून अंधार केला. दुसऱ्या संध्याकाळी मागच्या पायांनी सुबक खड्डा, पाच लांबट पांढरी अंडी, आणि वर माती इतकी नीट सारवलेली की कुणी काही केलंय असं वाटू नये. नाव बंडूच राहिलंय, जिभेला सवय झालीय. पुढच्या नखांवरून आधीच कळायला हवं होतं. नराची लांबलचक असतात, हिची आखूड.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) आणते, पाण्यात तरंगत ठेवते, ती कुरतडते. कोळंबीचा डबा बंद. नुसत्या कोळंबीवर अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात. आता पेलेट (कासवांचं गोळ्यांचं तयार खाद्य), गाजराचा कीस, टाकीत सोडलेली जलकुंभी. भूक उघडली की ती दिवसभर मागते, पण पेलेट तिच्या डोक्याच्या आकाराएवढेच, तेही दिवसाआड.

फिल्टर ठीक. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी तरीही बदलावं लागतं, आदल्या रात्री भरून ठेवलेल्या बादल्यांतलं. टाकी मात्र लहान पडतेय. पाठीच्या दर इंचाला चाळीस लिटर धरतात, म्हणजे हिला २८० हवं आणि माझ्याकडे सव्वाशे. दिवाळीपर्यंत मोठी घ्यायची आहे. शेजारच्या काकूंनी ‘गोदावरीत सोडून दे, पुण्य लागेल’ असं सुचवलं. पण सोडायचं नाही. ही परदेशी जात, नदीतल्या आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावते, आणि वीस-तीस वर्षं जगते. उलट कुणी नदीतलं किंवा ताऱ्यांच्या नक्षीचं कासव ‘शुभ असतं’ म्हणून देऊ केलं तर तेही घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. आणि लहान मुलांनी हात लावला की साबणाने धुवायचे, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो.

हीटर सध्या माळ्यावर आहे. ट्यूबच्या पट्टीवर मार्करने ‘१२ नोव्हेंबर’ लिहिलंय, कारण वर्षभरात तिचं यूव्हीबी संपत येतं आणि उजेड मात्र तसाच दिसतो. कॅलेंडरवर माघाच्या पानावर सासूबाईंनी आत्तापासून लिहून ठेवलंय, ‘घमेलं’.