आजोबांची दुनळी: चाप दुरुस्त करावा, नवा खटका बसवावा की बंदूक नुसती जपावी?

कोकणात पिढीजात दुनळी बंदूक असलेल्या घरी एक तक्रार हमखास असते: चाप बिघडलाय. खरं तर चाप म्हणजे बोटाने ओढायची नुसती तरफ, तो सहसा शाबूतच असतो. घोडा, म्हणजे ठोका देऊन बार उडवणारा भाग, अडवून धरतो तो आतला खटका. खटक्याचं टोक किंवा घोड्याची खाच झिजली, तर बंदूक जरा आपटली तरी बार उडू शकतो. सेफ्टीवर विसंबू नका. बहुतेक जुन्या बंदुकांत ती फक्त चाप अडकवते, घोडा नाही. अशी बंदूक एकदाही भरू नये.

चाप जड लागत असेल तर मात्र घाबरू नका. आपल्या पावसाळ्यात दस्त्याचं लाकूड फुगून चापाला घासतं, जुनं तेलही चिकट होतं. तिथे साफसफाईवर भागतं.

झीज थोडी असेल तर जुनाच खटका घासून नीट करणं स्वस्त पडतं आणि मूळ भागही टिकतो. पण बऱ्याच जुन्या भागांवर कडक थर फक्त वरवरचा असतो. तो घासला गेला की आतलं मऊ लोखंड लवकर झिजतं आणि दुखणं परत येतं. नवा खटका घडवून, पाणी देऊन (म्हणजे तापवून कडक करून) बसवायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. शिवाय या बंदुका हाताने जुळवलेल्या असल्याने त्याच कंपनीच्या दुसऱ्या बंदुकीचा भाग बहुधा बसत नाही. तरीही बंदूक वापरायचीच असेल, तर मी नव्याच्या बाजूने आहे. बंदूक साइडलॉक, म्हणजे यंत्रणा बाजूच्या पट्टीवर बसवलेली असेल, तर ती पट्टी काढून आतलं बघता येतं. १८७५ च्या अँसन-डीली पेटंटवरची बॉक्सलॉक, म्हणजे यंत्रणा मधल्या सांगाड्यातच बसवलेली बंदूक, सुटसुटीत आणि दणकट, पण आत शिरायला जास्त खोलावी लागते.

यातलं काहीही ठरवण्याआधी नळ्या तपासून घ्या. नागमोडी नक्षीची दमास्कस नळी बहुधा काळ्या दारूसाठी घडवलेली असते, तिच्यात आजचं काडतूस घालणं जिवावर बेतू शकतं. नळीतली काडतुसाची खोबण ६५ मिलिमीटरची असली तरी तिच्यात ७० चं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं दुमडलेलं तोंड पुढे उलगडायला जागा नसल्याने दाब वाढतो. अशा बंदुकीच्या खटक्यावर खर्च करू नये. ती न उडवता जपावी, हेच मला योग्य वाटतं.

पण भिंतीवर टांगली म्हणून परवाना सुटत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली सूट दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे. नुसता खटका झिजलेली बंदूक त्यात बसत नाही. आजोबांचा परवानाही वारसाकडे आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो. आणि दुरुस्ती परवानाधारक बंदूक कारागिराकडेच करायची, गावातल्या वर्कशॉपमध्ये नाही. नेताना बंदूक रिकामी आणि परवाना सोबत हवा.