स्प्रिंगचा लाँचर: यंत्र दमदार, पुस्तिका कच्ची

गोळी तिरपी उडवून ती किती लांब पडते हे मोजायचं हे किट अकरावी-बारावी आणि बीएस्सी पहिल्या वर्षाच्या फिजिक्स प्रॅक्टिकलसाठी जळगावात एका विक्रेत्याकडे मिळतं. आत स्प्रिंगचा लाँचर, १६ मिमीची स्टीलची गोळी, कोनमापक, फोटोगेट (गोळीने किरण किती वेळ अडवला त्यावरून वेग काढणारं साधन) आणि पुस्तिका. स्प्रिंगला नाव ठेवायला जागा नाही. स्प्रिंग अडकवायच्या मधल्या खाचेवर गोळी सेकंदाला ५ मीटर वेगाने सुटते आणि पुन्हापुन्हा उडवली तरी कार्बन पेपरवरचे ठिपके तळहाताएवढ्या जागेत पडतात.

घोळ पुस्तिकेत आहे. छापलेलं पल्ल्याचं सूत्र गोळी सुटली त्याच पातळीवर पडली तरच चालतं. टेबलावरून ४० अंशांत उडवली तर सूत्र म्हणतं २.५ मीटर, आणि गोळी पडते ३.४ मीटरवर. पोरांनी अंथरलेला कार्बन कोराच राहतो.

त्यापेक्षा फळ्यावर इंटिग्रेशन करून घ्या. उभं त्वरण उणे ९.७९, खान्देशच्या अक्षांशाला ९.८१ नको. एकदा इंटिग्रेट केलं की उभा वेग मिळतो: ३.२१ (म्हणजे ५ गुणिले साइन ४०) वजा ९.७९ गुणिले वेळ. दुसऱ्यांदा केलं की उंची, आणि तिथला स्थिरांक म्हणजे नळीच्या तोंडाची उंची, १.०६ मीटर. उंची शून्य ठेवून वर्गसमीकरण सोडवा, धन उत्तर घ्या: ०.८९८ सेकंद. ही वेळ वेगात घातली की आदळतानाचा उभा वेग ५.५८, खालच्या दिशेने. आडवा (५ गुणिले कोसाइन ४०) ३.८३ आहे तसाच. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे आदळतानाचा एकूण वेग, ६.७६ मीटर प्रतिसेकंद.

ही १.०६ आली कुठून? नळी आडवी असताना तोंड ९० सेंमीवर असतं. पण बिजागरी मागच्या टोकाला दिलीय, त्यामुळे २५ सेंमीची नळी ४० अंश उचलली की तोंड १६ सेंमी वर जातं. ९० च धरली तर उत्तर ६.५३ येतं. म्हणून कोन बदलला की उंची पुन्हा मोजायची, तीही गोळीच्या तळापासून, आणि पल्ल्यासाठी ओळंबा तोंडातूनच सोडायचा.

सुटतानाचा वेगही आडव्या नळीवर एकदा काढून सगळीकडे वापरू नका. ६ सेंमी दाबलेली स्प्रिंग गोळीला वर ढकलताना थोडी ताकद वजनावर घालवते. ४० अंशांना वेग दीड टक्का घटतो. म्हणून दर कोनाला तो फोटोगेटने पुन्हा मोजा. फोटोगेटचा क्लॅम्प मात्र ढिला आहे. किरण गोळीच्या मध्यातून न जाता ३ मिमी बाजूने गेला तर १६ ऐवजी १४.८ मिमीच आडवी येते, आणि वेग ८ टक्के जास्त दिसतो. खिडकीतलं ऊन थेट सेन्सरवर येऊ देऊ नका. एप्रिलमध्ये तर पडदा लावाच.

गोळी हरवली म्हणून दुसरी हलकी गोळी घालायचा मोह टाळा. ५ च्या वेगाला टेबलटेनिसच्या चेंडूला हवेचा अडथळा त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो, स्टीलच्या गोळीला जेमतेम एक टक्का.

बिजागरी तोंडापाशी असलेलं मॉडेल मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तेच घ्या. नसेल तर हेही चालेल, क्लॅम्पला रबरी वायसर घालून.